दातातल्या चांदीतून करंट? मावशीच्या सहा दाढा आणि एक मीटर

मेतकूट (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, जरा घाई आहे, म्हणून पाल्हाळ न लावता लिहिते. (जमेल असं वाटत नाही.)

मावशी, वय ६१, सांगलीची. सध्या माझ्याकडे पुण्यात आली आहे. चार-पाच महिन्यांपासून तिच्या तोंडाला सतत लोखंडी चव येतेय. तिच्या भाषेत, "कल्हई उडालेल्या पातेल्यातलं कळकलेलं ताक प्यायल्यासारखं." जिभेचं टोक पोळल्यासारखं हुळहुळतं, संध्याकाळी जास्त. सहा दाढांत चांदी (म्हणजे पारा मिसळलेलं ॲमल्गम) भरलेली आहे, बहुतेक १९९०च्या आसपासची. दोन दातांचं रूट कॅनाल झालंय. आणि यंदा खालच्या एका दाढेवर धातूची कॅप बसवली.

सोसायटीतल्या एकींनी एका 'होलिस्टिक' डेंटिस्टचं नाव सुचवलं. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) काल गेलो. पिवळा मंद दिवा, कोपऱ्यात पाण्याचं कारंजं, भिंतीवर भलामोठा तक्ता: कुठला दात कुठल्या अवयवाला जोडलेला. सुळा म्हणजे यकृत आणि डोळे, वगैरे. डॉक्टरांनी मीटर काढलं, एक टोक चांदीवर, दुसरं हिरडीवर. आकडा आला. असं सहा वेळा. कागदावर प्रत्येक दाढेपुढे अधिक-उणे लिहिलं आणि म्हणाले, "तुमच्या तोंडात सहा बॅटऱ्या आहेत. मेंदू याच्या हजारपट कमी करंटवर चालतो."

मग दुसरं यंत्र. मावशीच्या एका हातात पितळी दांडी, आणि एक पेनसारखी टोकदार वस्तू तिच्या बोटांवर दाबत गेले. कुईं कुईं आवाज. यकृत 'कमजोर' निघालं.

उपाय असा: सगळी चांदी काढायची, पण क्रमाने. सगळ्यात जास्त 'उणे' असलेली दाढ आधी, क्रम चुकला तर "आजार आत दाबला जातो". रूट कॅनालचे दोन दात उपटायचे, कारण ते "शरीरातलं प्रेत". मग तीन महिने पारा उतरवायचं कीट: कोथिंबिरीची पावडर, कसलंसं शेवाळ आणि राखाडी माती. एकूण ८५ हजार, नवे दात बसवायचे पैसे वेगळे. मी स्कूटर लावून येईपर्यंत मावशीने १० हजार ॲडव्हान्स भरूनही टाकले होते.

माझा प्रश्न एवढाच: आकडा माझ्या डोळ्यांदेखत आला. मग करंट असतो की नसतो?

भडंग (रविवार, रात्री १०:०२)

कोथिंबिरीने पारा उतरत असता तर आमच्या घरात थर्मामीटर चाललाच नसता. आई वड्या करते दर गुरुवारी.

मिलिव्होल्ट (रविवार, रात्री ११:१५)

मेतकूट, असतो. तिथूनच सुरुवात करू, कारण "सगळं थोतांड" म्हणून मोकळं झालं की मावशी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. त्यांनी आकडा पाहिलाय.

मी तीस वर्षं मोजमापाच्या यंत्रांत काढली, दातांतलं मला कळत नाही. पण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट-आंबट पाणी म्हटलं की विद्युत घट झालाच. शाळेत लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खोचून करतो तोच. अठराव्या शतकाच्या मध्याला सुल्झर नावाच्या माणसाने जिभेवर शिसं आणि चांदी एकत्र टेकवून त्या विचित्र चवीची नोंद केली होती. का येते, हे त्याला कळलं नाही. पुढे गॅल्व्हानीने बेडकाच्या तंगड्या उडवल्या आणि १७९१ मध्ये ते छापलं, त्याला वाटलं वीज बेडकात आहे. व्होल्टा म्हणाला, बेडकात नाही, तुझ्या दोन धातूंत आहे. आणि १८०० मध्ये धातूच्या चकत्या रचून पहिली बॅटरी करून दाखवली.

आता तुमच्या दवाखान्यात या. लिंबात दोन खिळे नुसते खोचून ठेवले, वायर जोडलीच नाही, तर दिवा लागतो का? नाही. धातूंना बाहेरून जोडणारी वाट लागते. त्यांनी एक टोक चांदीवर टेकवलं, दुसरं हिरडीवर. हिरडी धातू नाही. मग दुसरा धातू कुठला? प्रोबचं टोक! आणि बाहेरची वायर? मीटर! बॅटरी मावशींच्या तोंडात नव्हती, ती डॉक्टरांच्या हातात होती.

खात्री करायची तर घरी मल्टिमीटर असेल तर एका वाटीत ताक घ्या, त्यात स्टीलचा चमचा उभा करा, एक टोक चमच्याला, दुसरं नुसतं ताकात. आकडा येईल. थोडं हलवा, बदलेल. प्रोब पुसून परत लावा, पुन्हा बदलेल. त्या अधिक-उण्याच्या क्रमाने मी चमचासुद्धा उपटणार नाही, दाढ तर राहू दे.

दुसरं यंत्र तर त्याहून सोपं. ते त्वचेचा रोध, म्हणजे त्वचा विजेला किती अडवते ते, मोजतं. घाम असेल, पेन जोरात दाबलं, जागेवरून जरा सरकलं, की रोध बदलतो आणि कुईं बदलतं. पेन कोणाच्या हातात होतं, ते आठवा.

तुळशीवृंदावन (सोमवार, सकाळी ६:५०)

टिंगल सोपी असते. माझ्या दिरांचे सांधे आखडले होते, चांदी काढल्यावर दोन महिन्यांत फरक पडला. ॲमल्गममध्ये निम्मा पारा असतो, हे डेंटिस्टही नाकारत नाहीत. पाऱ्याने जपानात मिनामाताला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. युरोपात बंदी आलीये. ते सगळे मूर्ख का? आणि आपल्याकडे मात्र कोणी प्रश्न विचारला की तो अडाणी.

श्टुटगार्टकर (सोमवार, दुपारी १:२०)

तुळशीताई, बंदीचं मी सांगतो, मी इथेच राहतो. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघात ॲमल्गम भरायचं नाही, डेंटिस्टला वैद्यकीय गरज वाटली तरच अपवाद. त्याआधी २०१८ पासून १५ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्यासाठी बंद झालं होतं. पण मुख्य कारण पर्यावरणाचं आहे: दवाखान्याच्या मोरीतून जाणारा, स्मशानातल्या धुरातून निघणारा पारा. नद्यांत गेला की जिवाणू त्याचा मिथिल-पारा करतात, तो माशांत साठतो. मिनामाताला माणसं मेली ती त्या मिथिल-पाऱ्याने, कारखान्याच्या सांडपाण्यामुळे. दातातला पारा धातुरूप असतो, तो वेगळा. भारतानेही पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला २०१८ मध्ये मान्यता दिली आहे.

आणि जुनी चांदी काढा, असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. माझ्या दोन दाढा अजून तशाच आहेत, डॉक्टरीणबाई दर वर्षी बघतात आणि "राहू दे" म्हणतात.

बाकी ते पितळी दांडीचं यंत्र आमच्याच देशाची देणगी, त्याबद्दल माफी. १९५०च्या दशकात राइनहोल्ट फोल नावाच्या जर्मन डॉक्टरने ॲक्युपंक्चर आणि रोधमापक यांची सांगड घातली, त्याच्या पिलावळीतली यंत्रं इथल्या दवाखान्यांतही पाहिलीत. दात-अवयवांचा तो तक्ताही त्याच घराण्यातला.

शेवंता मास्तरीण (सोमवार, दुपारी ३:४५)

सुळा आणि डोळे! आमच्या आजीला वरचा दात काढायचा होता तेव्हा सगळी आळी सांगायची, "वरचा काढू नको, नजर जाईल." आजी मशेरी लावायची, तेवढं मात्र कोणी थांबवलं नाही. तेव्हा आम्ही तिला अडाणी म्हणायचो. आता तेच रंगीत तक्त्यावर छापून ८५ हजारांत.

दंतमंजन (सोमवार, रात्री ८:३०)

मी निवृत्त दंतवैद्य. छत्तीस वर्षांतली बरीचशी सरकारी कॉलेजात शिकवण्यात गेली. हात दुखतो, त्यामुळे हळूहळू टंकतो आहे, सांभाळून घ्या.

मेतकूट, मिलिव्होल्ट यांचं बरोबर आहे, पण एक भर घालतो, कारण तुमच्या मावशींना ती लागू पडेल. तोंडात खरा गॅल्व्हनिक झटका बसतो. नवी चांदी भरली आणि समोरच्या दाढेवर सोन्याची किंवा दुसऱ्या धातूची कॅप असेल, तर दोन्ही टेकल्या की सर्किट पूर्ण होतं. साधारण अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक असू शकतो, क्षणभर करंट जातो, आणि जिवंत दात असेल तर सणकन कळ येते. चॉकलेटचा अल्युमिनियमचा कागद चुकून चांदीवर चावलात तर जे होतं तेच. बहुतेक वेळा काही दिवसांत पृष्ठभागावर थर धरतो आणि ते आपोआप थांबतं. नाही थांबलं तर भरण बदलायचं. फक्त तेच एक. हे पाठ्यपुस्तकात आहे, कोणी लपवलेलं नाही.

यावरून "सहा बॅटऱ्या मेंदू बिघडवतात" इथपर्यंतची उडी मात्र कोणी सिद्ध केलेली नाही. ती उडी लोकप्रिय करणाऱ्यांत अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जचे डॉ. हाल हगिन्स अग्रभागी. उणे करंटवालं आधी काढायचं, क्रम पाळायचा, हे त्यांचंच. १९९६ मध्ये त्यांचा परवाना रद्द झाला. तीस वर्षांनी पुण्यात तोच क्रम कागदावर लिहून मिळतो, याचं मला आश्चर्य वाटत नाही, वाईट वाटतं.

तुळशीताई, पाऱ्याचा प्रश्न तुम्ही उचललात ते योग्यच आहे. आमच्या व्यवसायात त्यावरचं भांडण नवं नाही. ॲमल्गम अमेरिकेत १८३३ मध्ये पोचलं आणि दहा-बारा वर्षांतच तिथल्या पहिल्या देशव्यापी दंतवैद्य संघटनेने सभासदांकडून "मी हे वापरणार नाही" अशा शपथा घेतल्या. त्या भांडणातच ती संघटना १८५६ मध्ये मोडली. चांदीतून पाऱ्याची वाफ निघते, चावताना जास्त, दिवसाला काही मायक्रोग्रॅम. ती अपाय करते का, हे बघायला दोन मोठे प्रयोग झाले: न्यू इंग्लंडमध्ये ५३४ मुलं आणि लिस्बनमध्ये ५०७. निम्म्यांना ॲमल्गम, निम्म्यांना पांढरं कंपोझिट, पाच ते सात वर्षं पाठपुरावा. २००६ मध्ये निकाल आले. लघवीत पारा थोडा जास्त, पण बुद्धी, स्मरण, मज्जासंस्था यांत फरक नाही. तरी काळजी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये सांगितलं की गरोदर बायका, सहा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण यांना शक्यतो नवं भरू नका. आणि त्याच पत्रकात: धड असलेलं जुनं काढू नका. कारण ड्रिलने ते उडवताना वाफ एरवीपेक्षा जास्त निघते, आणि प्रत्येक वेळी थोडा चांगला दातही जातो.

चांदीजवळच्या गालावर पांढरी जाळी किंवा लाल चट्टा उठतो, अशी खरी ॲलर्जी काही लोकांना असते. तिथे ते एक भरण काढल्यावर चट्टा जातो. मी स्वतः काढली आहेत. पण ते डोळ्यांना दिसतं, मीटर लागत नाही.

रूट कॅनालच्या दातांना 'प्रेत' म्हणणं ही शंभर वर्षांपूर्वीची शिळी कढी आहे. १९१० नंतर 'दातातला जंतू सगळ्या रोगांचं मूळ' ही लाट आली होती. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाचे अधीक्षक रुग्णांचे दात उपटत, दात संपले की टॉन्सिल, मग आतडी. वेड बरं झालं नाही, माणसं मेली. त्या दोन दातांना ठणका, सूज, पू, एक्स-रेवर डाग यांपैकी काही नसेल तर हात लावू देऊ नका. त्या सगळ्या यादीत परत न येणारी गोष्ट हीच आहे.

आता माझा प्रश्न. मावशींना मधुमेह आहे का? गोळी कुठली?

मेतकूट (सोमवार, रात्री ९:०५)

आहे! मेटफॉर्मिन, सात वर्षं झाली. आणि पूर्ण शाकाहारी. का?

दंतमंजन (सोमवार, रात्री ९:३०)

मेटफॉर्मिनने तोंडाला धातूची चव येऊ शकते. आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ खाली जातं, शाकाहारी माणसाचं आधीच काठावर असतं. बी-१२ कमी झालं की जीभ पोळते. उद्या बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड आणि तीन महिन्यांची साखर, एवढं करून घ्या. तोंडात बुरशी आहे का, तेही कोणीतरी नीट टॉर्च मारून बघू दे. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून.

आणि त्या दवाखान्यात एक गोष्ट बघायची राहिली असेल: भिंतीवर स्टेट डेंटल कौन्सिलच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) असतीलही. पण एमडीएसच्या (पुढची पदव्युत्तर पदवी) मान्य शाखांत 'होलिस्टिक' नावाची शाखा नाही.

भडंग (सोमवार, रात्री ९:४८)

एक शंका. ज्यांना दातातल्या पाऱ्याची भीती, त्यांच्याच देव्हाऱ्यात पारद शिवलिंग असतं. पारा घट्ट करायला त्यात दुसरा धातू मिसळावा लागतो, म्हणजे तेही ॲमल्गमच ना? मग अभिषेकाचं तीर्थ...

तुळशीवृंदावन (मंगळवार, सकाळी ७:१०)

भडंग, देव्हाऱ्यावर घसरायची गरज नव्हती. (आमच्याकडे आहे. तीर्थ घेत नाही आता.)

दंतमंजन काका, शांतपणे उत्तर दिलंत, आभार. दिरांचं मात्र मला पटतच नाही की योगायोग. हां, त्याच सुमारास त्यांनी सांध्यांच्या डॉक्टरांची गोळीही सुरू केली होती, हे खरं आहे.

मिलिव्होल्ट (मंगळवार, सकाळी १०:२२)

ताई, एवढं मोकळेपणाने कोणी लिहीत नाही. मान गये.

काल रात्री राहवेना म्हणून मी स्वतःच्या तोंडात मोजलं. (बायकोने फोटो काढलाय, टाकणार नाही.) माझ्या एका चांदीवर तीन वेळा प्रोब टेकवला: उणे, अधिक, उणे. पाणी पिऊन पुन्हा: चौथाच आकडा. त्या डॉक्टरांच्या हिशेबाने माझी दाढ पाच मिनिटांत दोनदा रांगेत पुढे-मागे झाली.

मेतकूट (पुढच्या सोमवारी, रात्री १०:३०)

उशीर झाला, क्षमस्व. रिपोर्ट आले. बी-१२ १४२ म्हणजे कमी, साखर बरी, बुरशी नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत, मेटफॉर्मिनचा डोस तूर्त तोच, जेवणाबरोबर घ्यायला सांगितलाय.

मग सरकारी डेंटल कॉलेजात गेलो. सकाळी आठला रांगेत, केसपेपर, दीड वाजता खुर्चीत. एका शिकाऊ मुलीने अर्धा तास बघितलं, मग मॅडम आल्या. नव्या कॅपच्या बरोबर वरच्या दाढेतली चांदी तडकलेली होती, कड जिभेला घासत होती, आणि खाली किडलेलंही होतं. आणि हो, ती कॅपला टेकतही होती! म्हणजे करंटची गोष्ट अगदीच शून्य नव्हती, काका. मॅडम म्हणाल्या, "असेल थोडा, पण आम्ही ही काढतोय ती कीड आहे म्हणून." रबराचा पडदा लावून, भरपूर पाणी आणि सक्शन ठेवून ती एकच काढली, पांढरं भरलं. बाकीच्या पाचांना हात लावला नाही. रूट कॅनालवाल्या दोघांचा एक्स-रे काढला, स्वच्छ.

दहा हजार परत मागायला फोन केला. "ते कीटमध्ये वळते केलेत." कीट कुरिअरने घरी आलं.

मावशीला तुम्हाला काही लिहायचंय. ती बोलतेय, मी टंकते.

मेतकूट (पुढच्या सोमवारी, रात्री १०:५५)

नमस्कार. मी मावशी. तुम्ही सगळ्यांनी माझ्या तोंडात एवढा वेळ घातलात, लाज वाटली वाचताना.

एक सांगते. तो मीटरवाला डॉक्टर चाळीस मिनिटं माझ्यासमोर बसला होता. झोप येते का, चिंता कसली, मिस्टर गेल्यापासून जेवण कसं, सगळं विचारलं. सांगलीच्या माझ्या डॉक्टरांनी सात वर्षांत गोळीची चिठ्ठी देताना मान वर केली नाही. कॉलेजातली मुलगी फार गोड होती, पण मागे रांग उभी, ती तरी काय करणार. मला आकडा पटला होता असं नाही. बसून ऐकलं, ते पटलं होतं. दहा हजार त्याचे गेले असं मी धरलंय. भाची चिडते, चिडू दे.

लोखंडी चव बरीच गेली. काल ताक ताकासारखं लागलं. जीभ संध्याकाळी अजून हुळहुळते, इंजेक्शनं पुरी व्हायचीत.

दंतमंजन (पुढच्या सोमवारी, रात्री ११:२०)

ताई, जिभेला वेळ लागतो, महिने लागतात. पूर्ण न जाण्याचीही शक्यता असते, हे आधीच सांगून ठेवतो. तिखट आणि पुदिन्याची पेस्ट तूर्त बंद. आणि त्या चाळीस मिनिटांचं तुम्ही लिहिलंत ते मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर टाकू का? नाव न घेता.

मेतकूट (पुढच्या सोमवारी, रात्री ११:२६)

मावशी म्हणते, टाका. नाव घातलंत तरी चालेल, सांगलीत मला सगळे ओळखतातच.

भडंग (पुढच्या सोमवारी, रात्री ११:३१)

मावशी, कोथिंबिरीची पावडर वाया घालवू नका. आमटीत?

मेतकूट (पुढच्या सोमवारी, रात्री ११:३४)

परवाच टाकली. आमटी मांजरानेसुद्धा खाल्ली नाही.